एकाच २१ मिलिमीटरचे दोन निकाल

२०२३ च्या जूनमधली गोष्ट. पाऊस लांबला होता आणि सकाळी प्लेट वाचायच्या ऐन वेळेला धायरीच्या एका फॅमिली डॉक्टरांचा फोन आला. नमस्कार वगैरे काही नाही. "मॅडम, जंतू बदललेत की तुमच्याकडची माणसं बदललीत?"

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला आमची लॅब आहे. लहानच. एक इन्क्युबेटर, एक ऑटोक्लेव्ह, दोन फ्रीज, तीन तंत्रज्ञ, आणि सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली डॉक्टर म्हणून रिपोर्टवर सही करणारी मी. हे डॉक्टर आमच्याकडे लॅब सुरू झाल्यापासून नमुने पाठवतात. त्यांची तक्रार साधी होती. मेपर्यंत त्यांच्या रुग्णांच्या लघवीच्या कल्चरमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे बऱ्याचदा 'एस' असायचा, म्हणजे जंतू या औषधाला दाद देतो. जून उजाडला आणि 'आर' दिसायला लागला, म्हणजे दाद देत नाही. मधल्या 'आय'चीही संख्या वाढली होती. "एका महिन्यात अख्खी धायरी रेझिस्टंट झाली का हो?"

सोबत त्यांनी एकाच रुग्णाचे दोन रिपोर्ट व्हॉट्सॅपवर पाठवले. ओळख पटू नये म्हणून त्या बाईंना इथे नुसतं काकू म्हणते. साठी उलटलेली, मधुमेह, लघवीची जळजळ वर्षात तिसऱ्यांदा. एप्रिलच्या रिपोर्टात ई. कोलाय, मिलिलिटरमागे एक लाखाहून जास्त, सिप्रो 'एस'. डॉक्टरांनी सिप्रो दिलं. आठवडाभर बरं वाटलं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. जूनच्या रिपोर्टात पुन्हा ई. कोलाय, पुन्हा एक लाखाहून जास्त, आणि सिप्रो 'आर'.

काकूंच्या एकटीच्या बाबतीत मला यात नवल वाटलं नसतं. औषधाच्या माऱ्यात जे जंतू तगून राहतात तेच पुढे वाढतात, आणि सहा आठवडे त्याला पुष्कळ झाले. पण एका अख्ख्या उपनगराचे जंतू पंधरा दिवसांत पलटी खात नाहीत. प्रतिरोध असा पाझरत येतो, वर्षानुवर्षं, भिंतीतल्या ओलीसारखा. आलेखात तो उभ्या भिंतीसारखा दिसला, तर आधी लॅबकडे बघायचं आणि नंतर जंतूंकडे. म्हणून मी डॉक्टरांना सांगितलं, "दोन दिवस द्या, सर. चूक आमच्याकडेच असण्याची शक्यता जास्त आहे."

संशयित एकेक

ही तपासणी कशी होते ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. लघवीतून वाढलेल्या जंतूंची एकसारखी वसाहत उचलायची आणि सलाइनमध्ये कालवायची. ते पाणी ठरावीक प्रमाणात गढूळ व्हायला हवं. त्यासाठी तुलनेला ०.५ मॅकफारलंडची नळी शेजारी धरतात. मग म्युलर-हिंटन आगरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर ते बोळ्याने तिन्ही दिशांनी सारवायचं, वर औषधांच्या सहा मिलिमीटर व्यासाच्या डिस्क ठेवायच्या, आणि प्लेट ३५ अंशांच्या आसपास १६ ते १८ तास ठेवायची. सकाळी डिस्कभोवती जंतू न वाढलेलं एक स्वच्छ वर्तुळ दिसतं, त्याला आम्ही झोन म्हणतो. पट्टीने त्याचा व्यास मोजायचा, भिंतीवरच्या तक्त्यात बघायचं, आणि रिपोर्टात एक अक्षर टाकायचं. पद्धत १९६६ साली प्रसिद्ध झाली आणि आजही पुण्यातल्या कितीतरी लॅब तिच्यावरच चालतात. स्वस्त आहे, डोळ्यांना दिसते, आणि यंत्र बिघडलं म्हणून अडत नाही.

या साखळीत घोटाळ्याला जागा भरपूर. पहिला आळ डिस्कवर आला, कारण सगळ्यांना तेच सोपं वाटतं. आमच्या भागात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते. मे महिन्यात ती दोन-तीनदा लांबली होती आणि छोट्या फ्रीजला इन्व्हर्टर नाही. डिस्क दमट झाल्या, तापल्या, औषध मेलं, वर्तुळं आकसली, असं आमच्या एका तंत्रज्ञाने लगेच जुळवून टाकलं. ऐकायला पटतं. पण फ्रीज बिघडला तर सिप्रोच्या आधी बळी जातो तो अमॉक्सिक्लाव्हमधल्या क्लॅव्हुलॅनिक ॲसिडचा आणि इमिपेनेमचा. ही पेनिसिलिनच्या कुळातली औषधं नाजूक. सिप्रो त्यामानाने चिवट. इमिपेनेमची वर्तुळं जूनमध्येही एप्रिलइतकीच मोठी होती. म्हणजे फ्रीज निर्दोष.

मग आगर. प्लेट जाड ओतली तर औषध खोल मुरतं आणि वर्तुळ लहान येतं, पण ते सगळ्याच औषधांचं. आगरची जाडी चार मिलिमीटर हवी. नव्वद मिलिमीटरच्या प्लेटला अंदाजे २५ मिलिलिटर. आगर आंबट झालं, म्हणजे पीएच ७.२ च्या खाली गेला, तर सिप्रो कमजोर दिसतं हे खरं. पण मग जेंटामायसिनही कमजोर दिसायला हवं, आणि ते दिसत नव्हतं. जंतूंचं पाणी जास्त गढूळ झालं असतं तरीही फटका सरसकट बसला असता.

नवले पुलावर तर आमच्याकडे कुठल्याही गोष्टीचं खापर फुटतं. नमुने गोळा करणारा मुलगा आंबेगाव, नऱ्हे, धायरी फिरून दुचाकीवरून येतो आणि कोंडीत अडकला की बाटल्या तापतात. लघवी दोन तासांत लॅबमध्ये यावी, नाहीतर थंड ठेवावी, हा नियम म्हणायला सोपा. पण बाटली तापली तर जंतूंची संख्या फुगते, दुसरे भलते जंतू माजतात, ई. कोलायने सिप्रोला दाद द्यायची की नाही, ते नवले पुलावर ठरत नाही.

शेवटी मानक जंतू. दर आठवड्याला आम्ही ई. कोलायचा एक ठरलेला वाण, एटीसीसी २५९२२, त्याच डिस्क आणि त्याच आगर वापरून तपासतो. त्याचं सिप्रोचं वर्तुळ किती यायला हवं हे जगभर ठरलेलं आहे. जूनच्या तिन्ही तपासण्यांत ते ३३ मिलिमीटरच्या आसपास, अगदी मर्यादेत. याचा अर्थ डिस्क ठीक, आगर ठीक, हात ठीक. वर्तुळं बरोबर येत होती.

दुपारी चहा घेताना मान वर केली आणि उत्तर भिंतीवर चिकटवलेलं दिसलं.

आमचे जुने तंत्रज्ञ, ज्यांना सगळी लॅब काका म्हणते, मेअखेर निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या मुलीने पहिल्याच आठवड्यात भिंतीवरचा पिवळा पडलेला, कोपरे फाटलेला, लॅमिनेट केलेला तक्ता काढून नवा लावला. ती शिस्तीची आहे, तिने मला विचारलंही होतं. मी मोबाइलवर बोलता बोलता "हो, लाव" म्हटलं होतं. म्हणजे घडल्या प्रकारात चुकलं ते मी. तिने तर जे चार वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं ते केलं.

सीएलएसआय नावाची अमेरिकी संस्था या सीमारेषा ठरवते आणि दरवर्षी सुधारते. जुन्या तक्त्याप्रमाणे ई. कोलायसाठी सिप्रोचं वर्तुळ २१ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर 'एस', १६ ते २० 'आय', १५ किंवा कमी 'आर'. २०१९ च्या आवृत्तीत या सीमा सरकल्या: २६ किंवा जास्त 'एस', २२ ते २५ 'आय', २१ किंवा कमी 'आर'. म्हणजे बरोबर २१ मिलिमीटरचं वर्तुळ जुन्या तक्त्यात 'एस' आणि नव्यात 'आर'. मध्ये 'आय'चा थांबासुद्धा नाही.

काकूंची एप्रिलची नोंद शोधली. आमच्या बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त अक्षर. पण काकांची एक सवय होती. कामाच्या कागदावर प्रत्येक डिस्कपुढे ते पेन्सिलने वर्तुळाचा आकडा लिहायचे. मी त्यांना एकदा म्हटलंही होतं, अहो काका, दोनदा लिहायचा खटाटोप कशाला? त्या कागदावर काकूंच्या एप्रिलच्या प्लेटपुढे सिप्रो २१. जूनच्या प्लेटपुढे, नव्या मुलीच्या नीटस अक्षरात, सिप्रो २१.

वर्तुळ तसूभरही हललं नव्हतं. अर्थात हाताने मोजलेल्या वर्तुळात दोन-तीन मिलिमीटर इकडे तिकडे होतातच, आणि दोन्ही वेळा जंतू तोच होता असंही त्यावरून सिद्ध होत नाही. पण काकूंच्या 'एस'चा 'आर' केला तो भिंतीवरच्या तक्त्याने, हे उघड होतं.

उडी खोटी, पण सपाटी जास्त खोटी

इथवर आल्यावर सुटल्यासारखं वाटलं, आणि माझी दुसरी चूक तिथेच होणार होती. डॉक्टरांना फोन करून सांगावं, "सर, काळजी नको, जंतू तेच आहेत, नुसता तक्ता बदलला." वाक्य खरं होतं. त्यातून निघणारा अर्थ मात्र साफ उलटा निघाला असता.

सीमारेषा उगाच सरकवत नाहीत. सिप्रोसारख्या क्विनोलोन औषधांचा प्रतिरोध पायऱ्यापायऱ्यांनी चढतो. जंतूच्या डीएनएला पीळ देणाऱ्या एका एन्झाइमच्या जनुकात, जायरेज-ए मध्ये, आधी एक बदल होतो आणि औषधाचा परिणाम थोडा घटतो. मग दुसरा बदल, मग आणखी एखादा, आणि औषध पार निकामी होतं. काही जंतूंना तर बाहेरून, प्लाझमिड नावाच्या डीएनएच्या सुट्या वळ्यावरून, अर्धवट संरक्षण देणारी जनुकं मिळतात. पहिल्या पायरीवरचा जंतू जुन्या तक्त्यात बिनदिक्कत 'एस' म्हणून खपायचा. जुनी सीमा होती मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅम औषधाने वाढ थांबली तर 'एस'. नवी सीमा ०.२५. माणसाच्या रक्तात सिप्रो नेहमीच्या डोसने किती चढतं आणि त्या पातळीला कोणते जंतू खरंच मरतात, याचा हिशेब नव्याने मांडल्यावर ती खाली आली.

म्हणजे जूनची उडी खोटी होती, पण त्याआधीची चार वर्षांची सपाट रेघ त्याहून जास्त खोटी होती. काकूंना एप्रिलमध्ये आम्ही दिलेला 'एस' हाच मुळात पोकळ होता, आणि त्याच्या भरवशावर डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या.

एक गोष्ट डॉक्टरांच्या बाजूने सांगायलाच हवी. सिप्रो लघवीत रक्तापेक्षा कितीतरी जास्त साठतं. त्यामुळे नुसत्या मूत्राशयापुरता संसर्ग असेल तर तक्त्यात नापास झालेला जंतूही कधी कधी मरतो. "माझे पेशंट तर सिप्रोने बरे होतात" हा फॅमिली डॉक्टरांचा अनुभव म्हणूनच खोटा नसतो. पण कोण बरा झाला ते त्यांना दिसतं. जो बरा न होता दुसऱ्या दवाखान्यात गेला तो दिसत नाही. शिवाय २०१६ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने साध्या मूत्रमार्ग संसर्गात दुसरा पर्याय असेल तर ही औषधं टाळावीत असं बजावलं, ते स्नायुबंध आणि नसांवरच्या दुष्परिणामांमुळे. साठीच्या बाईला, जळजळीसाठी, ते लक्षात घ्यावंच लागतं.

मी संध्याकाळी त्यांच्या दवाखान्यात गेले. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नव्हती.

"म्हणजे चार वर्षं तुम्ही मला चुकीचा रिपोर्ट देत होतात?"

"सगळा नाही, सर. सिप्रोचा, आणि त्याच कुळातल्या लेव्होफ्लॉक्सासिनचा. वर्तुळ मधल्या मापाचं असेल तेव्हाचा. पण हो."

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग बोलले ते वेगळंच. त्यांचे वडील पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये होते. १९५४ साली निघालेली ती कंपनी, देशातला पहिला सरकारी औषध कारखाना. तिथून पेनिसिलिन बाहेर पडायला लागलं तेव्हा कॉलनीतल्या लोकांना आपण देशाचं औषध बनवतो याचा कोण अभिमान. "माझ्या लहानपणी घरात पेनिसिलिन म्हणजे देव. आता मी एका साध्या जळजळीला काय लिहू हे मला एका पट्टीवरून ठरवायचंय."

काकूंना त्यांनी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम, बघून नायट्रोफुरँटॉइन दिलं. त्यांच्या दोन्ही प्लेटवर ते वर्तुळ चांगलं मोठं होतं, आणि या औषधाच्या सीमा बदललेल्या नाहीत: १७ किंवा जास्त 'एस'. साखरही आटोक्यात आणली. नंतरच्या नमुन्यात काही वाढलं नाही.

वहीतली पेन्सिल

काकांचे कागद रद्दीत गेले नव्हते, ही आमची पुण्याई. ते सगळे काढून सिप्रोचे जुने आकडे नव्या तक्त्याने पुन्हा वाचले. कोणत्या वर्षी किती टक्के, ते इथे लिहीत नाही. एका लहान लॅबचे टक्के बाहेर पडले की दोन दिवसांत ते 'पुण्याचे' म्हणून व्हॉट्सॅपवर फिरायला लागतात, आणि ते पुण्याचे नसतात. पण आकार सांगते. जुनी अक्षरं जोडून काढलेल्या आलेखात जूनला उभा कडा होता. पेन्सिलचे आकडे नव्या सीमेने वाचल्यावर कडा नाहीसा झाला; राहिला एक मंद चढ, तोही आम्ही समजत होतो त्याच्या पुष्कळ वर सुरू होणारा.

काकांच्या रजेच्या दिवसांत दुसऱ्यांनी केलेल्या कामात फक्त अक्षरं होती. त्या 'एस'पैकी किती २१ चे होते आणि किती ३० चे, ते आता कुणालाही सांगता येणार नाही. सीमा दरवेळी बदलणार. मिलिमीटर लिहिलेला असेल तर उद्याच्या सीमेने कालचा जंतू पुन्हा तोलता येतो. नुसतं अक्षर ठेवलं तर त्या दिवशीचा निकाल उरतो, आणि ज्या मापावर तो दिला ते माप जातं. मोठ्या लॅबच्या स्वयंचलित यंत्रांनाही हा आजार आहे, तिथे फक्त तक्ता भिंतीवर न राहता सॉफ्टवेअरच्या पोटात असतो, म्हणून नजरेला पडत नाही.

याच सुमारास डॉक्टरांनी पुढचा प्रश्न टाकला. जून महिन्यात सगळाच दोष तक्त्याचा होता का? नव्हता. त्याच महिन्यात एका मूत्ररोगतज्ज्ञांच्या ओपीडीचे नमुने आमच्याकडे सुरू झाले होते. त्यांत कॅथेटर लावलेले, शस्त्रक्रिया झालेले, इस्पितळातून आलेले रुग्ण. त्यांचे जंतू मुरलेले असतात. धायरीच्या डॉक्टरांच्या रुग्णांशी त्यांची गोळाबेरीज केली की धायरी उगाच बदनाम होते.

दुसरी भानगड एकाच रुग्णाचे अनेक नमुने. समजा दहा रुग्णांत ई. कोलाय सापडला. नऊ जणांचा एकेक नमुना, त्यांतले सहा 'एस'. दहावा कॅथेटरवर, त्याचे वर्षभरात सहा नमुने, सहाही 'आर'. नमुने मोजले तर १५ पैकी ६ दाद देणारे, ४० टक्के. माणसं मोजली तर १० पैकी ६, ६० टक्के. औषध द्यायचं असतं माणसाला, म्हणून नियम असा की एका रुग्णाचा, एका जातीच्या जंतूचा, वर्षातला पहिलाच नमुना धरायचा. असा वर्षाचा एकत्र ताळा म्हणजे अँटिबायोग्राम. त्यात कुठल्याही जंतूचे ३० पेक्षा कमी नमुने असतील तर टक्केवारी द्यायची नाही, हाही संकेत. हे सगळं व्होनेट नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये बसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठी १९८९ पासून तो विकसित होत आलाय, आणि तो मिलिमीटर मागतो. आमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर मागत नाही. त्यामुळे आता दुपारी एक शिकाऊ मुलगी बसून तेच आकडे दुसऱ्यांदा भरते. काकांचा खटाटोप आम्ही अधिकृत केला.

एकदा पुन्हा मोजल्यावर एक पानी तक्ता बनवून आजूबाजूच्या फॅमिली डॉक्टरांना दिला. ई. कोलायसमोर नायट्रोफुरँटॉइन आणि फॉस्फोमायसिन अजून टिकून. सिप्रो आणि सेफिक्झाइम डोळे मिटून लिहिण्यासारखं राहिलेलं नाही. देशपातळीवरचं चित्रही याच दिशेचं आहे. तळाशी ठळक अक्षरांत टाकलं: नायट्रोफुरँटॉइन फक्त मूत्राशयासाठी, ताप, थंडी, कंबरेत कळ असेल तर ते उपयोगाचं नाही, किडनी मंदावली असेल तर देऊ नये, आणि प्रोटियस जंतूवर ते जन्मतःच चालत नाही. एका डॉक्टरांनी विचारलं, क्लेब्सिएला या दुसऱ्या जंतूपुढे टक्क्यांच्या जागी आडवी रेघ का? तीस झाले नाहीत म्हणून. ते म्हणाले, "अंदाजे तरी सांगा." नाही सांगितलं. थोडे नाराज झाले.

ज्यांची लघवी लॅबमध्ये येतच नाही

यातला सगळ्यात अवघड भाग तक्ता किंवा डिस्क नाही. कुणाची लघवी आमच्यापर्यंत पोहोचते, हा आहे.

धायरीतल्या बाईला जळजळ झाली की ती आधी दोन दिवस भरपूर पाणी आणि सब्जा पिते. मग मेडिकलमध्ये जाऊन सांगते आणि चार गोळ्या घेऊन येते. मग डॉक्टर. डॉक्टर पहिल्या भेटीत कल्चर सांगत नाहीत, कारण त्याचा खर्च गोळ्यांच्या काही पट होतो आणि निकाल दोन-तीन दिवसांनी. म्हणजे कल्चर होतं ते सगळं करून न सुटलेल्यांचं. आमच्या प्लेटवर जे जंतू दिसतात ते अशा दोन-तीन चाळण्यांतून उरलेले. त्यांच्यावरून 'धायरीत सिप्रो चालत नाही' म्हणणं म्हणजे एस.टी. चुकलेल्या लोकांना स्वारगेटवर गाठून एस.टी. किती वेळा चुकते हे विचारण्यासारखं.

प्रतिरोधावर नजर ठेवणाऱ्या देशाच्या जाळ्यांनाही हाच अडसर आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, म्हणजे आयसीएमआरचं, जाळं २०१३ पासून, आणि राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचं नार्स-नेट बाराव्या पंचवार्षिक योजनेपासून चालतं. ससूनच्या आवारातलं बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय या दुसऱ्या जाळ्यात आहे. ही कामं पक्की आहेत, मानक जंतू आणि फेरतपासणीसकट. पण मोठ्या इस्पितळांत पोहोचणारा रुग्ण हा बहुधा अवघड झालेला रुग्ण. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२३ साली प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या जिवाणू संसर्गांपैकी जगात सहातला एक आणि भारत ज्यात येतो त्या आग्नेय आशिया विभागात तिनातला एक नेहमीच्या औषधांना दाद देत नव्हता. 'प्रयोगशाळेत सिद्ध झालेल्या' हे शब्द बातम्यांत गळून पडतात. ते गळले की वाचणाऱ्याला वाटतं, सोसायटीतला प्रत्येक तिसरा ताप आता औषधापलीकडे गेला. आपला विभाग वाईट आहे यात शंका नाही. पण किती वाईट, हे ज्यांचा नमुना कुणी घेतच नाही त्यांना मोजल्याशिवाय कळायचं नाही.

म्हणून एक छोटा प्रयोग सुरू केला. चार फॅमिली डॉक्टर. ज्या बाईला या खेपेला अजून एकही गोळी पोटात गेलेली नाही, तिची लघवी पहिल्याच भेटीत पाठवायची. कल्चरचे पैसे लॅब घेणार नाही. फॉर्मवर प्रश्न टाकला: गेल्या महिन्यात प्रतिजैविक घेतलं का? उत्तरं येत गेली: नाही, नाही, नाही. इतकी एकसारखी, की नव्या मुलीलाच संशय आला. नमुना द्यायला आलेल्या एका आजींना तिने बाटली हातात देता देता सहज विचारलं, "आजी, घरात मागच्या वेळच्या गोळ्या उरल्या होत्या का हो?" आजी म्हणाल्या, "दोनच होत्या गं. वाया कशाला घालवायच्या?"

मेडिकलवाल्याला २०१४ च्या मार्चपासून एच-वन यादीतल्या प्रतिजैविकांची नोंद ठेवावी लागते, डॉक्टर कोण, रुग्ण कोण, किती गोळ्या, आणि ती वही तीन वर्षं जपावी लागते. घरातल्या स्टीलच्या डब्यात उरलेल्या दोन गोळ्यांची नोंद कुठल्याच वहीत नाही. आणि आजींना 'प्रतिजैविक' हा शब्द माहीतच नव्हता, त्यांच्या लेखी ती 'जळजळीची पांढरी गोळी'.

आता फॉर्मवरचा प्रश्न बदललाय. 'जळजळीसाठी घरातली, शेजारणीची किंवा मेडिकलमधली कुठलीही गोळी शेवटची कोणत्या वारी घेतली?' आता वार लिहून येतात. त्यामुळे आधी धरलेले बरेच नमुने बाद करावे लागले, आणि पहिल्या भेटीतल्या ई. कोलायपुढे त्या एक पानी तक्त्यात अजून आडवी रेघच आहे.